कावळ्याची गोष्ट, मत्रहहून

एक होता कावळा, एक होती चिमणी.
इथवर तुला पाठ आहे, शेवे.
पुढचं आज बदलून सांगणार आहे, भांडू नकोस.

कावळा आला जहाजातून.
मत्रहच्या बंदरावर म्हातारे खलाशी असंच सांगतात:
कांद्याच्या पोत्यांवर बसून, तिकीट न काढता,
समुद्रभर कुणाच्या तरी डाळभातातली शितं टिपत.
मासळीबाजाराच्या छपरावर उतरला,
कुणीतरी बांगड्याचं डोकं फेकलं,
झाला कायम.
त्याला दर दोन वर्षांनी शिक्का लागत नाही.

चिमणीचं घर होतं मेणाचं.
रुवीत, सातव्या मजल्यावर,
पांढरं, गुळगुळीत, निळ्या काचांचं.
आणि कावळ्याचं?
शेण इथे कुठून आणू, पत्र्याचं म्हण.
आठ खाटा, एक खिडकी,
खिडकीत कुन्हीमोनचे मोजे.

तू विचारशील, पाऊस कधी येतो?
ह्या गोष्टीत ऊन येतं.
असं येतं की चपलेचा तळ रस्ता धरून ठेवतो,
खजुराची सावली खजुरालाच पुरत नाही,
नळाच्या पाण्यात चहा होईल.
आणि एका जुलैत, दुपारी दोनला,
चिमणीचा एसी बंद पडतो.

मग मेणाचं काय होतं?
बरोबर.
आधी कोपरे मऊ पडतात,
कपाटातली लिपस्टिक मान टाकते,
बाळ रडून रडून लाल होतं,
आणि चिमणी फोन करते. कुणाला?

हं.

खांद्यावर गॅसची टाकी, कमरेला पाने.
लिफ्टवर पाटी, सामान जिन्यानं.
चिऊताई, चिऊताई, दार उघड.
थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.
चिऊताई, चिऊताई, दार उघड.
थांब, बाळाला पावडर लावते.
थांब, साहेबांना फोन करून विचारते.
टाकी खाली ठेवावी तर फरशी भाजते,
धरून ठेवावी तर खांदा.
तिची चूक नाही गं.
दारातल्या त्या इवल्या भिंगातून
कुणीही नुसती चोचच दिसतो.

आत्या सांगते ना,
कावळ्याला तिनं तापल्या तव्यावर बसवलं?
तो तवा गच्चीवर असतो.
यंत्राचा पंखा तिथेच अडकला होता,
गुडघे टेकल्याशिवाय हात पोचत नाही.
डाव्या गुडघ्याला अजून डाग आहे,
आईला दाखवला नाही, तूही सांगू नकोस.

मग आतलं काम. पाण्याची नळी तुंबलेली.
मी स्टुलावर, तोंड भिंतीकडे,
आणि मागे चिमणी बाळाला भरवत होती.
हा घास चिऊचा, म्हणाली.
मराठीत, शेवे. आपल्या मराठीत.
हा घास काऊचा, म्हणाली,
आणि मी भिंतीकडे बघत
तोंड उघडलं.

लगेच मिटलं. कुणी पाहिलं नाही.
का नाही बोललो? काय माहीत.
शर्ट पाठीला चिकटला होता,
खिशावर कंपनीनं शिवलेलं नाव दुसऱ्याच कुणाचं.
गार वारा सुटला. भिंती पुन्हा भिंती झाल्या.
तिनं ताकाची पिशवी दिली, थंड,
इंग्रजीत थँक्यू म्हणाली.
मी हिंदीत काहीतरी म्हणालो.
जिन्यात खमीस वॉचमन भेटला,
पिशवीतलं अर्धं त्यानं घेतलं.

एवढीच गोष्ट. तयार ठेवली आहे.
आज रात्री नेट बरं चाललंय,
इथे आठ वाजलेत, तुझ्याकडे साडेनऊ.
थांब बाबा, म्हणालीस,
पेन्सिलीला टोक करते,
थांब, आई वेणी सोडतेय,
आणि फोन खाटेवर उताणा ठेवून गेलीस.

मला वरचा पंखा दिसतोय. तीन पाती.
एकावर जाळं धरलंय.
निघताना पुसायचा राहिला होता.